भुताच्या बंगल्यातला तो आवाज नक्की कुणाचा?

कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये हॉन्टेड मॅन्शन नावाची राइड आहे, ९ ऑगस्ट १९६९ ला सुरू झालेली. तिच्या स्मशानाच्या सीनमध्ये दगडी मुंडकी आहेत, एकूण पाच, आणि ती गाणं म्हणतात. त्यातलं एक मानेपासून तुटून आडवं पडलंय, त्याला मिशी आहे, आणि सगळ्यात खर्जातला आवाज त्याचाच. आता ह्या मिशीवाल्याकडे बघून कितीतरी लोक वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलेत की अरे हा तर खुद्द वॉल्ट डिस्ने. नाहीये हो. वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ लाच गेला, राइड उघडायच्या जवळजवळ तीन वर्षं आधी. तो चेहराही आणि आवाजही थर्ल रेवन्सक्रॉफ्ट नावाच्या गायकाचा. गंमत म्हणजे हा आवाज अमेरिकेत घराघरात ओळखीचा होता, कारण केलॉगच्या जाहिरातीतला टोनी द टायगर म्हणजे हाच माणूस. आवाज रोज कानावर पडायचा पण नाव कुणालाच माहीत नाही.

जुन्या राइड्सचा आवाज शोधायचा म्हटलं की बहुतेक वेळा असंच होतं. कुणाकडे तरी १९८० च्या दशकातली कॅसेट असते, त्यात चार मिनिटांचं गुरगुरणं, मागे लोकांच्या किंकाळ्या, मध्येच कुठलीतरी धून, आणि प्रश्न एकच असतो, हे कुठून आलं? प्रश्न साधा वाटतो पण त्यात चार प्रश्न लपलेत. बोललं कोणी, संगीत कोणाचं, हे रेकॉर्डिंग मूळ टेपचं की कॉपीच्या कॉपीचं, आणि हे राइडच्या कुठल्या वर्षीच्या व्हर्जनचं. ह्या चारांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, आणि एकाचं उत्तर मिळालं म्हणून बाकीच्यांचं मिळालं असं अजिबात होत नाही. लोक गडबड करतात ती इथेच.

आधी हा आवाज वाजायचा कसा ते बघू, कारण तो ज्या मशीनवर वाजला त्या मशीनच्या खुणा त्याच्यावर राहतात.

अगदी सुरुवातीला साध्या तबकड्या होत्या. अमेरिकेतल्या जुन्या फनहाऊसच्या दारात लाफिंग सॅल नावाची एक मोठ्ठी बाहुली असायची, पुढचा दात पडलेला, केस विस्कटलेले, हात हलवत मागेपुढे झुलत खदाखदा हसणारी. फिलाडेल्फिया टोबोगन कंपनीने १९३० च्या दशकात ह्या बाहुल्या पार्कवाल्यांना विकल्या. ते हसू यायचं कुठून, तर तिच्या पायाखालच्या पेटीत लपवलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर ७८ आरपीएमच्या तबकड्यांची चळत लावलेली असायची, एक संपली की दुसरी, आणि सगळ्या संपल्या की तिथल्या माणसाने येऊन परत चळत लावायची. म्हणजे बाहुलीला हसायला लावायला माणूस ठेवलेला! हसणाऱ्या बाईचं नाव टान्या गार्थ असं सांगितलं जातं. सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझे मेकानिकमध्ये अशी एक सॅल अजून आहे आणि तिथे लहान मुलं तिला बघून आजही रडतात म्हणे, मला त्यात काहीच आश्चर्य वाटत नाही.

मग आली मॅग्नेटिक टेप, आणि तिच्याबरोबर एंडलेस लूप, म्हणजे टेपची दोन टोकं एकमेकांना चिकटवून केलेलं कडं. संपतच नाही, रिवाइंड करायला नको, माणूस ठेवायला नको. पण टेप म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच्या पट्टीवर लावलेली लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी, ती दिवसभर हेडवर घासत राहिली की झिजते, आधी वरचे म्हणजे बारीक तीक्ष्ण स्वर जातात आणि आवाज हळूहळू गोधडीखालून आल्यासारखा होतो. मग मास्टरवरून नवीन कॉपी काढायची. प्रत्येक कॉपीत थोडी सरसर वाढते, आणि म्हणून एकाच राइडची, एकाच वर्षातली दोन रेकॉर्डिंग्ज सुद्धा वेगळी ऐकू येऊ शकतात, एक नव्या कोऱ्या लूपची आणि एक मरायला टेकलेल्या लूपची. "हे वेगळं व्हर्जन आहे" असं म्हणायच्या आधी हे डोक्यात ठेवलेलं बरं.

२३ जून १९६३ ला डिस्नीलँडमध्ये एन्चँटेड टिकी रूम उघडली आणि टेपला आणखी एक काम लागलं. तिथले यांत्रिक पोपट गातात, चोची उघडतात, आणि ते सगळं टेपवरून चालायचं. १४ चॅनलची टेप, काही चॅनलवर गाणं आणि बोलणं, काहींवर नुसते सूर, जे प्रेक्षकांना ऐकूच जायचे नाहीत. तो सूर मशीनमधल्या धातूच्या एका पातळ पट्टीला थरथरवायचा, पट्टीने सर्किट जोडलं जायचं, हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि पोपटाची चोच हलायची. थोडक्यात ती टेप म्हणजे साउंडट्रॅक आणि कठपुतळीचा दोरा दोन्ही एकदम. म्हणून अशा राइडची "मूळ ऑडिओ टेप" मिळाली असं कुणी म्हणालं की त्यातल्या अर्ध्या चॅनलवर नुसती पीं पीं निघाली तर टेप खराब आहे असं समजू नका, पोपट नाचत होते ते त्याच्यावरच.

आता मुख्य भानगड. सिनेमाचा साउंडट्रॅक सुरू होतो आणि संपतो, सगळ्यांना सारखाच ऐकू येतो. राइडचा आवाज तसा नसतोच मुळी. तो वेळेत नाही, जागेत पसरलेला असतो. प्रत्येक सीनचे स्वतःचे स्पीकर, प्रत्येक स्पीकरचं स्वतःचं लूप, आणि तुम्ही गाडीत बसून त्यांच्या मधून जाता. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन घ्या (१८ मार्च १९६७), त्यातला एक समुद्री चाचा तिकडे ओरडतोय, दुसरा गातोय, कुत्रा भुंकतोय, आणि तुमची बोट कुठल्या सेकंदाला कुठे पोचली त्यावर तुम्हाला कुठलं वाक्य अर्धं आणि कुठलं पूर्ण ऐकू येणार ते ठरतं. तुमच्या मागच्या बोटीतल्या माणसाने ऐकलेली राइड वेगळी. एका अर्थाने "राइडचा पूर्ण ऑडिओ" असं काही एक रेकॉर्डिंग कधी अस्तित्वातच नव्हतं, होते ते फक्त तुकडे.

एवढे आवाज एका छपराखाली एकत्र वाजले तर गोंधळ कसा होत नाही? संगीतकारांनी आधीच विचार केलेला असतो. इट्स अ स्मॉल वर्ल्ड १९६४ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरसाठी बनली, तिथे आधी कल्पना होती की वेगवेगळ्या देशांच्या बाहुल्यांनी आपापलं राष्ट्रगीत म्हणायचं, आणि ते सगळं एकत्र म्हणजे निव्वळ कालवा झाला. मग डिस्नेच्या गीतकार शर्मन बंधूंनी एकच सोपं गाणं लिहिलं आणि सगळ्या खोल्यांमध्ये तेच, वाद्यं आणि भाषा वेगळ्या पण पट्टी आणि लय एक, त्यामुळे एका खोलीतला आवाज दुसरीत झिरपला तरी कानाला खटकत नाही. शोधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही डोकेदुखी, कारण सगळं एकमेकांत इतकं बेमालूम मिसळतं की कॅसेटवरचा तुकडा कुठल्या खोलीतला ते सांगणं अवघड.

ह्या झिरपण्यावर चाहत्यांनी काढलेला एक तोडगा मला फार आवडतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी बऱ्याच ठिकाणी इंडक्शन लूप असतं, म्हणजे खोलीभोवती एक वायर, त्यातून आवाजाचा करंट वाहतो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि हियरिंग एडमधली छोटी कॉइल ते पकडते. हवेतून काही येतच नाही. मग लोकांनी काय केलं, मायक्रोफोनच्या जागी तशीच कॉइल रेकॉर्डरला लावली. किंकाळ्या नाहीत, गाडीची खडखड नाही, शेजारच्या सीनचं गाणं नाही, एकदम स्वच्छ आवाज. अशा रेकॉर्डिंगमुळे एखादं वाक्य नक्की काय आहे ह्यावरचे वाद मिटू शकतात. फक्त असं मिळालं म्हणजे ते आपल्या मालकीचं झालं असं नाही, कॉपीराइट जिथल्या तिथे असतो.

दुसरा सापळा म्हणजे कंपनीने स्वतः विकलेल्या रेकॉर्ड्स. लोकांना वाटतं, घरी अधिकृत एलपी आहे, कव्हरवर राइडचं नाव आहे, म्हणजे राइडचाच आवाज. तर १९६९ मध्येच हॉन्टेड मॅन्शनची एक गोष्टीची एलपी निघाली होती, तिच्यात त्या बंगल्याच्या यजमान भुताचा आवाज पीट रेनाडेचा आहे, आणि राइडमधल्या यजमान भुताचा पॉल फ्रीसचा. दोघं वेगळी माणसं. त्याच एलपीवर एक किशोरवयीन मुलगा बोलतो तो रॉन हॉवर्ड, पुढे मोठा दिग्दर्शक झाला तोच. राइडमध्ये तो कुठेच नाही. आता समजा कुणी ही एलपी कॅसेटवर उतरवली, कॅसेटवर पेनने फक्त "हॉन्टेड मॅन्शन" लिहिलं, आणि तीस वर्षांनी ती दुसऱ्या कुणाला सापडली. झालं, एक नवीन "हरवलेलं व्हर्जन" जन्माला आलं!

आवाज कानाने ओळखण्यावर फार विसंबू नये त्याचं आणखी एक कारण हे पॉल फ्रीससारखे लोक. हा एकटा माणूस पायरेट्समध्ये अनेक पात्रांच्या तोंडून बोलतो. आणि कधीकधी बोलणारा कलाकारच नसतो, तिथल्या बोलणाऱ्या कवटीचा आवाज एक्स. अटेन्सिओचा, ज्याने राइडची संहिता आणि गाण्याचे शब्द लिहिले तो. हॉन्टेड मॅन्शनमधली मॅडम लिओटा, म्हणजे काचेच्या गोळ्यातली ती बाई, तिचा चेहरा लिओटा टूम्ब्सचा आणि आवाज एलिनॉर ऑडलीचा. चेहऱ्यावरून आवाज ओळखायला गेलात की फसलात.

संगीताकडे आलो की वेगळंच जग. सगळं संगीत राइडसाठीच बनवलेलं असतं हा समज पहिला सोडायचा. मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड, म्हणजे डिस्नीलँडमधली रात्रीची दिव्यांची मिरवणूक, १९७२ मध्ये सुरू झाली, तिची ती टिकटिकणारी सिंथेसायझरची धून ऐकून कुणालाही वाटेल की परेडसाठीच केली असणार. प्रत्यक्षात ती जाँ-जाक पेरी आणि गर्शन किंग्जली ह्या दोघांच्या १९६७ च्या आल्बममधली, नाव बरोक होडाउन. पेरीला स्वतःला आपली धून तिथे रोज रात्री वाजतेय हे अनेक वर्षांनी कळलं, हक्क प्रकाशकाकडे होते ना. आणि तिच्यातही दोन थर, १९७२ ची पहिली मांडणी पॉल बीव्हर आणि जिम ख्रिस्टेनसेनची, मग १९७७ मध्ये डॉन डॉर्सीने ती नव्याने बांधली. म्हणजे "परेडची धून कुणाची" ह्याला धून, मांडणी आणि वाजवणं अशी तीन वेगळी उत्तरं.

नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कचं उदाहरण तर त्याहून भारी. तिथे १९६६ पासून इंडियन वॉटर लिलीज नावाचा एक शो आहे, गोष्ट लिहिलीय बेल्जियमच्या राणी फाबिओलाने, आणि तिच्यात तळ्यातले बेडूक जी धून वाजवतात ती जर्मन ऑर्केस्ट्रावाल्या बेर्ट केम्फर्टची आफ्रिकान बीट, चेटकिणीचा गाता आवाज पेरूच्या यिमा सुमाकचा. नावात भारत, राणी बेल्जियमची, बेडकांचा बँड जर्मन आणि चेटकीण पेरूची. पार्कवाल्यांनी बाजारात असलेल्या रेकॉर्ड्स उचलल्या आणि शोला बसवल्या, त्या काळी हे सर्रास चालायचं.

रांगेत उभं असताना किंवा रस्त्यावर वाजणारं संगीत तर बहुतेक असंच जोडून केलेलं. डिस्नीलँडमध्ये पूर्वी हे काम जॅक वॅग्नरचं, पार्कच्या घोषणांचा आवाजही त्याचाच, आणि तो तयार रेकॉर्ड्समधून तुकडे घेऊन लांबलचक लूप बनवायचा. ह्यात लायब्ररी म्युझिक पण येतं, म्हणजे दुकानात न विकलं जाणारं, फक्त टीव्ही, जाहिराती, सिनेमावाल्यांना भाड्याने मिळणारं रेडीमेड संगीत. लंडनची द वोल्फ ही कंपनी १९०९ पासूनची. त्या रेकॉर्ड्सवर कलाकाराचा फोटो नसतो, असतो फक्त नंबर आणि "आनंदी, वेगवान, औद्योगिक" असलं वर्णन. ते आल्बम सामान्य लोकांच्या हातात सहसा यायचेच नाहीत, म्हणून राइडच्या चाहत्यांना एखादी धून वीस-वीस वर्षं सापडत नाही आणि मग एक दिवस कुठल्यातरी जुन्या टीव्ही जाहिरातीत अचानक तीच वाजते.

बरं मग शोधायचं कसं. पहिलं सगळ्यांना सुचतं ते शझाम, गाणं ऐकून ओळखणारं अॅप. ते कसं काम करतं ते समजलं की ते इथे का गंडतं तेही कळतं. आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम काढतात, म्हणजे आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी असा नकाशा, आणि त्यातले फक्त सगळ्यात उठावदार ठिपके ठेवतात, आकाशातल्या ताऱ्यांसारखे. मग दोन-दोन ताऱ्यांमधलं अंतर मोजून ते कोट्यवधी गाण्यांच्या यादीशी जुळवतात. भोवती कितीही गोंगाट असला तरी ठळक तारे दिसतात म्हणून किंकाळ्यांमधूनही गाणं सापडू शकतं. पण टेप थोडी जरी फास्ट किंवा स्लो असली तर सगळं तारांगणच ताणलं जातं, अंतरं बदलतात आणि उत्तर येतं, सापडलं नाही. शिवाय त्याला अगदी तेच रेकॉर्डिंग लागतं, तीच धून दुसऱ्या बँडने वाजवलेली चालत नाही.

म्हणून आधी स्पीड सुधारायचा. आणि ह्याची किल्ली आपण एरवी ज्याला कचरा म्हणून फेकतो त्यात असते, मागे येणारी गुणगुण. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, युरोपात ५०, आणि अॅम्प्लिफायरमधून ती गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते, मूळ सुरात किंवा त्याच्या दुपटीत. समजा अमेरिकेतल्या पार्कची कॅसेट आहे आणि गुणगुण ६० ऐवजी ६२.४ वर दिसतेय, तर टेप ४ टक्के जोरात पळतेय. सा पासून कोमल रे पर्यंत साधारण ६ टक्क्यांचं अंतर असतं, म्हणजे अख्खी राइड कोमल रे च्या दिशेने दोन-तृतीयांश सरकलेली. स्पीड ४ टक्क्यांच्या हिशोबाने खाली आणला की माणसाचा आवाजही माणसाचा वाटायला लागतो आणि शझामलाही धून सापडू शकते. कधी दोन गुणगुणी दिसतात, एक ६० वर आणि एक ५८.८ वर, तर समजायचं ही कॉपीची कॉपी आहे, दोन्ही वेळा टेप वेगवेगळ्या स्पीडने पळाली. एका भुणभुणीवरून अख्खी वंशावळ निघते.

दोन रेकॉर्डिंग एकच आहेत का ह्याची सगळ्यात कडक परीक्षा म्हणजे नल टेस्ट. दोन्ही एकावर एक बरोब्बर बसवायची, एकाची लाट उलटी करायची, आणि बेरीज करायची. एकच असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात, शांतता. पार्कमध्ये माइकने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण शांतता कधीच येत नाही, पण ओळखीची धून कमी झाली की तिच्याखाली दबलेलं एखादं वाक्य वर येऊ शकतं.

वर्ष ठरवायला राइडमधले बदल कामी येतात. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस ही डिस्नेचीच राइड १९७५ मध्ये फ्लोरिडात हलली तेव्हा तिचं जुनं गाणं जाऊन द बेस्ट टाइम ऑफ युअर लाइफ आलं आणि १९९० च्या दशकात जुनं परत आलं, त्यामुळे कुठलं गाणं वाजतंय त्यावरून काळ बऱ्यापैकी आवळता येतो. पायरेट्समध्ये जॅक स्पॅरो ऐकू आला की २००६ च्या आधीची बातच नको.

आणि शेवटी कागद. म्युझिशियन्स युनियनचे सेशन रिपोर्ट, ज्यात तारीख, स्टुडिओ आणि वाजवणाऱ्यांची नावं असतात कारण पैसे द्यायचे असतात, मग टेपच्या डब्यावरची चिठ्ठी, धुनांच्या हक्कांची नोंद. हे कंटाळवाणं काम आहे, पण वाद मिटतो तो इथेच. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कमधली स्पेसशिप अर्थ ही राइड १ ऑक्टोबर १९८२ ला उघडली. १९८६ पासूनचे निवेदक सगळ्यांना माहीत, वॉल्टर क्रॉन्काइट, मग १९९४ पासून जेरेमी आयर्न्स, २००८ पासून जूडी डेंच, मोठी नावं, जाहिरात करून आणलेली. पण पहिल्या चार वर्षांचा आवाज विक पेरिनचा असं वर्षानुवर्षं छापलं गेलं, बहुतेक पेरिनचा आवाज टीव्हीवरून ओळखीचा होता आणि हा त्याच्यासारखा वाटायचा. एकाने लिहिलं, दहा जणांनी उचललं, मग शंभर ठिकाणी तेच म्हणजे खरंच असणार. निघाला तो लॉरेन्स डॉबकिन. शंभर ठिकाणी लिहिलेलं असलं तरी मूळ साक्षीदार एकच असू शकतो, आणि तोही कानाने ऐकून अंदाज करणारा.

तर तुमच्याकडे अशी एखादी टेप असेल तर आधी ती घाईने वाजवू नका. कॅसेट असेल तर मागची टॅब तोडा म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. रीळ असेल आणि ते १९७० किंवा ८० च्या दशकातलं असेल तर त्यातला चिकटवणारा पदार्थ हवेतला ओलावा शोषून चिकट झालेला असू शकतो, वाजवलं की हेडवर तपकिरी लगदा जमतो आणि टेप किंचाळते. तज्ज्ञ लोक अशी टेप साधारण ५० ते ५५ अंशांवर काही तास भाजतात आणि मग ती थोडे दिवस नीट वाजते, तेवढ्यात कॉपी काढून घ्यायची. हे घरच्या ओव्हनमध्ये अजिबात नको. आणि त्याहून जुन्या अॅसिटेटच्या टेपला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर भाजायचं नाहीच.

डिजिटल करताना नॉइज रिडक्शन बंद ठेवा. सरसर, गुणगुण, मध्येच बंद पडल्याची खट्, कव्हरवरचं खोडलेलं पेन्सिलचं अक्षर, सगळं जसंच्या तसं. कुणाला ती गुणगुण ६२.४ वर सापडेल, पण तुम्ही ती आधीच साफ करून टाकली नसेल तरच.